श्रावणात उरलेले कोंबडे

श्रावण लागला की आमच्या गावाची पहाट मुकी होते. आषाढभर एका कोंबड्याने बांग दिली की वरच्या आळीतून दुसरा उत्तर देतो, मग ओढ्यापलीकडचा तिसरा, आणि ती बांग गावाला वळसा घालून पुन्हा पहिल्याकडे येते. गटारी झाली की दुसऱ्या पहाटे ऐकू येतात फक्त पागोळ्या, आणि लांबून घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर. कोंबडे गेलेले असतात. ज्या घरांतून ते गेले त्याच घरांत आता तुळशीपुढे रांगोळी असते आणि चुलीवर अळूचं फदफदं रटरटत असतं. कालपर्यंत रस्सा ओरपणारी माणसं आज कपाळाला गंध लावून देवळाच्या पायरीवर बसतात आणि अंड्याचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात. मला या माणसांचा राग येत नाही. फक्त विश्वास बसत नाही.

परवा ती मुकी पहाट पुन्हा ऐकली आणि तो श्रावण आठवला, ज्या श्रावणात सगळ्या गावात फक्त माझ्या परसातून बांग येत होती. एकाची नव्हे, पाचांची. एक संपतो न संपतो तोच दुसरा. देवळात काकड आरतीला गेलेल्यांना ती ऐकू जायची, आणि परत येताना प्रत्येक जण माझ्या दारावरून जाताना मान वळवायचा. कुणी काही बोलायचं नाही. पण गटारी उलटल्यावरही माझे कोंबडे विकले गेले नाहीत, हे सांगायला मला गावात दवंडी पिटायची गरज राहिली नव्हती.

ते विकले गेले नाहीत, कारण मी विकले नाहीत. शिळफाट्याचा एक व्यापारी दर वर्षी टेंपो घेऊन दारात येतो. त्या वर्षी तो आला तो काटा घेऊनच उतरला. गावठी कोंबडा मी नगावर देते, वजनावर नाही. गावठी म्हणजे रानात फिरलेला, किडे-मुंग्या खाऊन कसलेला, अंगावर मास कमी आणि चव जास्त. त्याला काट्यावर ठेवायचं म्हणजे ब्रॉयलरच्या रांगेत बसवायचं. मी म्हटलं, काटा टेंपोत ठेव आणि मग बोल. तो हसला. त्याला ठाऊक होतं की दुसऱ्या दिवशी अमावास्या आहे. मलाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. काटा उचलून तो वळला.

"मावशी, परवापासून श्रावण," तो टेंपोत चढता चढता म्हणाला. "यांना काय आता सोमवार धरायला लावणार?"

"धरतील," मी म्हटलं. "तुझ्या काट्यावर बसण्यापेक्षा उपास बरा."

टेंपो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मला वाटत होतं की तो परत येईल. इतकी वर्षं मी भाव करत आले आहे. टोलनाक्याच्या अलीकडे डोक्यावर पाटी घेऊन काकड्या विकायला उभी राहिले तेव्हापासून ते शिळफाट्यावर स्वतःचा गाळा झाला तिथपर्यंत. गिऱ्हाईक पाठ फिरवून जातं आणि चार पावलांवरून परत येतं, हे मी हजारदा पाहिलं आहे. तो आला नाही. त्याला कुणीतरी आधीच सांगितलं असणार की हिच्याकडे यंदा कोंबडे फार झालेत, ती अडलेली आहे. कुणी सांगितलं असेल, याचाही मला अंदाज होता.

कुंपणाच्या तारेपलीकडे माझी धाकटी जाऊ नंदा राहते. एकाच घराचे दोन भाग झाले, तेव्हा मधे काही नव्हतं, नुसती जास्वंद होती. तार नंतर आली. नंदाच्या मुलीच्या साखरपुड्याला स्वयंपाकघरात बायका पुऱ्या लाटत बसल्या होत्या. मी बाहेर मंडपवाल्याशी हुज्जत घालत होते, तिच्याच घरचे पैसे वाचावेत म्हणून. पाणी प्यायला आत वळले तर दाराशीच तिचा आवाज ऐकू आला. "ताईंना माणूस नाय कळत. ताईंना भाव कळतो." सगळ्या हसल्या. कोण कोण हसलं ते मला आजही सांगता येईल, कुणी पदराने तोंड झाकून हसलं तेसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात मी तार ओढून घेतली. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, खांब धरून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचाही मला कधी कधी संशय येतो.

श्रावणातलं परस माझ्या डोळ्यांपुढे वासासकट उभं राहतं. ओल्या पिसांचा वास, खुराड्यात पसरलेल्या तुसाचा आंबूस वास, भिंतीवर चढलेल्या शेवाळाचा. तेरड्याची फुलं. पावसाळ्यात कोंबड्यांना लोळायला कोरडी माती मिळत नाही, म्हणून मी पडवीच्या कोपऱ्यात चुलीची राख ओतून ठेवते. त्या राखेत कोंबड्या एका कुशीवर पडून पंख झाडतात, डोळे अर्धे मिटून घेतात, आणि सगळ्या पडवीत धुरळा होतो. माझी आई ते बघत बसायची. कशेळ्याच्या बाजूला माझं माहेर. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन निघाले तेव्हा आईने टोपलीत एक कोंबडी घालून दिली होती, राखाडी, मानेवर सोनेरी झाक असलेली. जीपमध्ये ती माझ्या मांडीवर बसून आली. तिची पिल्लं, त्यांची पिल्लं, असं ते वाण माझ्या परसात टिकलं. आई गेली, माहेरच्या खुराड्यात आता भावाची मोटरसायकल असते. माझ्याकडेही आदल्या हिवाळ्यात रोग आला आणि त्या रंगाच्या सगळ्या कोंबड्या मानेला पीळ पडून गेल्या. राहिली एक तलंग. तलंग म्हणजे अंडं घालायच्या वयाला आलेली, पण अजून एकही न घातलेली कोंबडी. ती जगली तर आईचं वाण राहणार होतं. ती गेली तर संपलं. इतका साधा हिशेब होता, आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता.

एका सकाळी ती राखेत आली नाही. शोधली तर सरपणाच्या मागे तोंड भिंतीकडे करून बसलेली. कोंबडी दुखणं लपवते. तिला ठाऊक असतं की दिसलं तर बाकीच्या टोचतील. मी उचलली तर हाताला ओलं लागलं. पंख वर करून पाहिला. पंखाखाली, कुशीला, कातडी फाटून आतलं लाल मास दिसत होतं. वरून पिसं इतकी नीट बसलेली की कुणाला कळूही नये. चीर सरळ होती. धारेने ओढावी तशी.

तिला पदराखाली घेऊन मी खालापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला बरी. जखम बघितली आणि पहिलंच विचारलं, "कोंबड्या किती आहेत तुमच्याकडे? आणि कोंबडे किती?"

आता हे कुणी विचारतं का? खुराड्यातली मोजदाद बाहेर सांगायची नसते. आमच्याकडे कुणीच सांगत नाही. दृष्ट लागते म्हणतात. मी दृष्टीबिष्टीला फारशी मानत नाही, पण माल किती आहे हे कळलं की समोरच्याचा आवाज बदलतो, हे मला पक्कं माहीत आहे. शिवाय बाकावर ओळखीची दोन माणसं बसलेली. मी म्हटलं, "कोंबड्या बऱ्याच हायेत. कोंबडा एकच."

"एकच? नक्की?"

"मला माझे कोंबडे मोजता येत नाय काय?"

"मग कोंबड्याचं काम नसावं हे," ती विचार करत म्हणाली. "पत्र्याला घासली असेल. नाहीतर कुणी काही फेकून मारलं असेल."

औषध, निळा फवारा आणि पुष्कळशा सूचना घेऊन मी घरी आले. पण माझ्या कानात एकच वाक्य राहिलं होतं. कुणी काही फेकून मारलं असेल. तारेपलीकडे नंदाचा काकडीचा मांडव होता. कोवळी काकडी टोचायला कोंबड्या तारेखालून जायच्या, आणि नंदा विळा हातात घेऊनच परसात वावरायची. चीर सरळ होती. मला आणखी काय पाहिजे होतं?

मी तारेशी गेले. दारावरून चाललेल्या बायका थांबल्या, त्या थांबाव्यात म्हणूनच मी आवाज चढवला होता.

"नंदे! जनावरावर हात उचलताना काय वाटलं नाय गं तुला? बोलायचं होतं तर माझ्याशी बोलायचंस!"

ती मांडवाखालून वाकून बाहेर आली. हातात विळा होताच. "काय झालं, ताई?"

"काय झालं मला इचारतेस? तलंगीला इळा मारलास."

तिने विळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्या कोंबडीला मारायचं असतं ना, ताई, तर कालवण करून तुमालाच वाटीभर धाडलं असतं," असं म्हणून ती पुन्हा मांडवाखाली गेली. बायका हसल्या. पुन्हा हसल्या.

तिने नाही म्हटलं नव्हतं. हे मी नीट लक्षात ठेवलं.

कोंबडीची मलमपट्टी हे दोन माणसांचं काम आहे. आमचे हे पाटावर बसायचे, तलंगीचं डोकं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचे. अंधार झाला की कोंबडी शांत होते, धडपड सोडते, जणू रात्रच झाली असं धरून चालते. इतक्या लवकर विश्वास ठेवणारा प्राणी मी दुसरा पाहिला नाही. मग मी उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, भोवतालची पिसं कात्रीने बारीक करायची, म्हणजे ती चिकटत नाहीत. औषध लावायचं आणि वरून निळा फवारा. तो निळा रंग फार कामाचा. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात, मग ती सख्खी बहीण का असेना. निळं केलं की त्यांना कळत नाही. खायला दह्यात भिजवलेल्या कण्या, पाण्यात गुळाचा खडा. पहिल्या दिवशी तिने चोचही उघडली नाही. तुरा पांढुरका पडलेला, डोळ्यावर खालून पापणी चढलेली. मी बोटाने कण्या चोचीला लावत बसायची. शिळफाट्याचा गाळा दुपारपर्यंत बंद राहायचा आणि त्यावरूनही कुणीतरी काहीतरी बोलत असणार.

तिला अगदी एकटीही ठेवायची नसते. फार दिवस नजरेआड राहिली तर परतल्यावर बाकीच्या तिला परकी समजून हाकलतात. म्हणून डालगं, म्हणजे बांबूची मोठी पाटी, पडवीत पालथी घालून मी तिला त्याखाली ठेवली. फटींतून ती त्यांना दिसायची, त्या तिला. जखम सुकत आली, तुऱ्याला रंग आला, कण्यांवर चोचीचा टकटक आवाज यायला लागला. एका सकाळी मी डालगं उचललं. ती पाय ताणून उभी राहिली, अंग फुलवलं आणि राखेकडे चालू लागली.

त्या दिवशी मी खिडकीत उभी होते. नंदावर नजर ठेवायला, खोटं कशाला बोलू. म्हणूनच मला ते दिसलं.

पाच कोंबड्यांत तांबडा सगळ्यांत भांडखोर. माणसाच्याही अंगावर यायचा. पायाच्या मागचे काटे पुढे करून उडी घ्यायचा, दूधवाला त्याच्या भीतीने किटली दारात ठेवून पळायचा. माझ्या पोटरीवर अजून त्याची खूण आहे. अशा कोंबड्यापुढे पळायचं नसतं आणि त्याला लाथही मारायची नसते. लाथ म्हणजे त्याला भांडणाचं आमंत्रण. मी त्याला पंखांसकट दाबून काखेत मारायची आणि घरभर कामं करत हिंडायची. पाणी भरताना, भाजी निवडताना तो काखेत. सगळ्या कोंबड्यांदेखत असं हिंडवलं की त्याचा तोरा उतरायचा, निदान संध्याकाळपर्यंत. एकदा तर त्याला काखेत घेऊनच मी नाक्यावरच्या वाण्याशी साखरेच्या भावावरून भांडून आले होते. तर तलंग बाहेर पडताच माझं लक्ष तांबड्याकडे. तो गवतात किडे उकरत होता. मान वर करून त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा उकरू लागला.

धावून आला तो पांढरा. त्याला आम्ही साहेब म्हणायचो. कधी अंगावर नाही, कधी घरात घाण नाही, दाणे टाकले तर आधी कोंबड्यांना बोलावणार आणि मग स्वतः खाणार. साहेबाने तलंगीला कोपऱ्यात गाठलं, मानेची पिसं चोचीत धरली आणि पाठीवर चढला. त्याचे पाय तिच्या दोन्ही कुशींवर घसरत होते, नखं रुतत होती. तो उतरतो तोच काळा. मग आणखी एक. खुराड्यात कोंबड्या थोड्या आणि कोंबडे पाच, आणि त्यांना सगळ्यांत कोवळी तीच दिसत होती. मी झाडू घेऊन धावले तोवर जुनी जखम उसवली होती, आणि दुसऱ्या कुशीवर अगदी तशीच, सरळ, नवी चीर पडली होती.

जो अंगावर येतो तो दिसतो. त्याच्यासाठी हातात काठी तयार असते. साहेबाला मी त्याच सकाळी हातावर दाणे दिले होते.

नंदाला मी काही सांगितलं नाही. काय सांगायचं? तिने विळा मारला नाही, ठीक आहे. पण मारला नाही असं तिने त्या वेळी सरळ म्हणायला हवं होतं. टोमणा कशाला मारला?

दुसऱ्यांदा झालेली जखम वाईट होती. पाऊस लागून राहिला होता, हवा दमट, आणि माश्या. एका संध्याकाळी फडकं बाजूला केलं तर जखमेत हालचाल दिसली. अळ्या. मी धीराची बाई आहे, पण तेव्हा माझा हात थांबला. चिमट्याने एकेक काढल्या. दवाखान्याचं औषध होतंच, शिवाय आई गुरांच्या जखमेला लावायची तसा सीताफळाचा पाला वाटून रस पिळला. तलंग हूं की चूं करत नव्हती, आणि तेच मला सोसवेना. ओरडणाऱ्याचं काय दुखतं ते कळतं.

"ही वाचंल," हे हळूच म्हणाले. "पण परत त्यांच्यात सोडलीस तर नाय वाचायची. कोंबडे काढ."

"कुठं काढू? श्रावणात कोण घेतंय? फुकट वाटू?"

"नंदाचा गोठा रिकामा हाय."

मी चिमटा खाली ठेवला. गोठा नंदाच्या घराच्या पार मागे, तिथून आमचं परस दिसत नाही. तिने बैल विकल्यापासून तो तसाच पडून होता. कोंबड्यांना कोंबड्या दिसल्या नाहीत, त्यांचा आवाज कानी आला नाही, तर ते आपापसात फार भांडत नाहीत. हे मलाही ठाऊक होतं. गेले किती दिवस ठाऊक होतं. यांच्या तोंडून ते इतक्या पटकन आलं, याचं मला नवल वाटलं. हे आधी तिकडे बोलून आले होते की काय?

गाळा घेताना मी जेवढी तयारी केली नव्हती तेवढी त्या दुपारी केली. नंदा काय मागेल? खत मागेल, तर देऊ. गौरीला एक कोंबडा मागेल, तर लहानातला देऊ. तार काढ म्हणेल. तारेवर मी अडून बसणार होते. साखरपुड्याच्या वेळचं ती स्वतःहून काढेल, किंवा त्या दिवशी तारेशी मी जे बोलले ते काढेल, आणि मग मी तिला काय काय सुनावणार होते त्याची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. पदर खोचून मी वळसा घालून तिच्या पुढच्या दाराला गेले. बऱ्याच काळानंतर.

ती उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"कोंबडे ठेवायचे होते गोठ्यात," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "गणपती जाईस्तोवर."

"ठेवा की."

"काय घेशील?"

"काय घ्यायचंय? रिकामाच हाय गोठा."

मी वाट पाहिली. ती एक खडा काढून अंगणात फेकून पुन्हा सुपात पाहू लागली. एवढंच. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली. इतक्या वर्षांत मला कुणी काही न मागता काही दिलेलं नाही, आणि ज्याची किंमत सांगितली जात नाही ते मागाहून फार महाग पडतं, हे मी शिळफाट्याच्या रस्त्यावर उभी राहून शिकलेली बाई. त्या रात्री मला झोप लागेना. तिला गावात सांगायचं असेल की ताई माझ्या दारी आली. तिच्या मुलाला माझा गाळा हवा असेल. की फक्त मला असं जागं ठेवायचं असेल?

दिवेलागणीला कोंबडे धरणं सोपं. ते दांडीवर बसलेले असतात, डोळ्यांना दिसत नाही, हात घातला की येतात. आम्ही एकेक काखेत मारून नेले. शेवटी तांबडा. गोठ्याच्या दारात नंदाने कंदिलासारखी बॅटरी वर धरली आणि त्या उजेडाने तो बिथरला. माझ्या काखेतून निसटून थेट तिच्या अंगावर. नंदाने जवळचं सूप उचलून पुढे धरलं. तो सुपावर लाथा झाडतोय, ती सुपामागून ओरडतेय, "अहो ताई, धरा याला! माझ्यावर कसला राग काढतोय हा?"

"मालकिणीकडनं शिकलाय," हे म्हणाले.

मला हसू आलं होतं. बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर नव्हता, तेवढं बरं.

गोठ्यात पाचही कोंबडे सोन्यासारखे राहिले. पहिले दोन दिवस छात्या भिडवल्या, मग एका ओळीत बसू लागले. साहेब आणि तांबडा एकाच खांबाला टेकून. भांडण कशासाठी होतं ते समोरून गेलं की भांडणाऱ्यांना एकमेकांचं काही वाटत नाही, हे मी रोज दाणे टाकायला जाऊन पाहायची. रोज जायचीच, कारण नंदावर कोंबडे सोपवून मी घरी बसणं शक्य नव्हतं. पाणी ती माझ्या आधीच भरून ठेवायची. ते मी ओतून टाकून पुन्हा भरायची. मग एक दिवस विसरले, आणि त्यांनी तेच पाणी प्यायलं, आणि कुणालाही काही झालं नाही.

गौरी आल्या. आमच्याकडे गौरीला तिखटाचा, म्हणजे मासाचा, नैवेद्य असतो, आणि तोवर श्रावण पाळून कंटाळलेली घरं कोंबड्यासाठी दारात येतात. एकेक करून गोठा रिकामा झाला. व्यापारी टेंपो घेऊन आला तेव्हा मला म्हणाला, "मावशी, दमलात की नाय?" काटा त्याने आणलाच नव्हता. भाव काय ठरला ते मी सांगत नाही.

आता परसात एकच कोंबडा होता, शेजारच्या वाडीवरून आणलेला म्हातारा, ज्याला कोंबड्यांपेक्षा गांडुळांत रस. तलंगीच्या कुशीवर नवी पिसं आली, आधी निळसर कोंब, मग त्यांतून राखाडी. गाल लाल झाले, तुरा भरला. मी हात पाठीवर ठेवला की ती पंख किंचित पसरून खाली बसायची. अंडं घालायला आलेली कोंबडी तशी बसते. मी खुराड्यात तिच्यासाठी कोरडं गवत घातलं आणि वाट पाहू लागले.

ती मात्र सकाळी दाणे टिपून झाले की नाहीशी व्हायची. पहिल्या दिवशी वाटलं, सरपणात असेल. दुसऱ्या दिवशी मी मागावर राहिले. शेतात भात पोटरीला आलं होतं, म्हणजे लोंब्या पोटात धरून उभं होतं, बांधावर गवत कमरेएवढं, आणि तारेखालच्या वाकलेल्या गवतातून ती नंदाच्या बाजूला गेली. थांबली नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. रोजची वाट असल्यासारखी. माझ्या मनात आलं ते आलंच. दाणे टाकून बोलावते. कोंबडे फुकट ठेवून घेतले, त्याची वसुली ही.

वळसा घालायचं भान राहिलं नाही. तार वर उचलून मी वाकून पलीकडे गेले. लुगडं तारेत अडकून फाटलं.

गोठ्याच्या दारात नंदा उभी होती. मला पाहून तिने बोट ओठांवर ठेवलं. आत, गव्हाणीतल्या जुन्या पेंढ्यात, तलंग बसली होती. मान ताठ, चोच अर्धवट उघडी. बऱ्याच वेळाने ती उठली, मागे वळून पाहिलं आणि ओरडत, फडफडत आमच्या दोघींच्या मधून बाहेर पळाली. एवढा मोठा आवाज तिला आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"घ्या तुमचं," नंदा म्हणाली. "मी हात लावला नाय."

मी अंडं उचललं. हाताला ऊन लागलं. आणि आधीची कुठं गेली, हे शब्द माझ्या तोंडात आलेच होते, तेवढ्यात मला ते दिसलं. अंडं लहान होतं, लिंबाहून थोडं मोठं, आणि कवचावर रक्ताची एक बारीक रेघ होती, अजून ओली. पहिल्यांदा घालणारीच्या अंड्यावर पुष्कळदा अशी रेघ असते. हे पहिलंच होतं. आधीची नव्हतीच. कालचा फेरा नुसता जागा बघायचा होता.

नंदा माझ्या हाताकडे पाहत होती. तिलाही तेवढंच ठाऊक होतं जेवढं मला. कोंबडी ज्या जागी पहिलं अंडं घालते तिथून ते उचललं तर ती जागा सोडते. ते मी घरी नेऊन माझ्या खुराड्यात ठेवलं असतं, तलंगीला दोन दिवस आत कोंडलं असतं, तर ती माझ्याकडे घालायला शिकली असती. तिथेच राहू दिलं, तर ती रोज इथेच येणार. पुढे अंडी उबवायला खुडूक बसली की पिल्लंही याच गोठ्यात निघणार. आईचं वाण नंदाच्या गव्हाणीत.

मी पेंढ्याचा खळगा बोटांनी थोडा खोल केला आणि अंडं परत ठेवलं.

"ठेवलंत?" नंदाने विचारलं.

"हलवलं तर कुठं तरी रानात जाऊन घालंल. मग मुंगसाचं फावंल."

"म्हंजे आता हितंच रोज."

"हितंच. आणि मी येणार रोज बघायला. एक जरी कमी भरलं ना, नंदे—"

"या की. कोण नको म्हणतंय?" ती पदराला हात पुसत घराकडे वळली. "बसा पायरीवर. चहा ठेवते. बिनसाखरेचा ना?"

मी पायरीवर बसले. बिनसाखरेचा चहा मी त्याच्या आदल्या वर्षापासून घेऊ लागले होते. तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. तिला ते कुणी सांगितलं, याचा मी अजून तपास करते आहे.